प्रश्नावलीतील शून्य

लैंगिक तक्रारींची मोजणी हा विषय भरसभेत काढला की मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. परंतु आमचे निम्मे आयुष्य कामगारांचे अर्ज भरण्यात गेले. यंत्रमागावरच्या अपघाताच्या अर्जात तुटलेल्या बोटाला रकाना असे. खडखडाटाने बहिऱ्या झालेल्या कानाला नसे. म्हणून आज अशाच एका कागदाचा इतिहास सांगतो.

१९९७ साली रेमंड रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरुषांच्या ताठरतेच्या तक्रारी मोजण्यासाठी १५ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी अमेरिकेत व्हायग्रा विक्रीस आले आणि त्या औषधाच्या चाचण्यांबरोबर ही प्रश्नावलीही जगभर पसरली. कागद सुटसुटीत होता, यात शंका नाही. मात्र त्यात संभोग म्हणजे स्त्रीच्या योनीत प्रवेश, अशी व्याख्या दिलेली होती.

आता हिशेब करून पाहा. ताठरतेचे प्रश्न ६, प्रत्येकी ५ गुण, एकूण ३०. २६ किंवा अधिक मिळाले तर माणूस ठीक. या सहांपैकी ३ प्रश्न संभोगाविषयीचे, आणि 'प्रयत्न केला नाही' या उत्तरास गुण ०. पुरुषावरच प्रेम करणारा धडधाकट माणूस खरे उत्तर देऊ लागला, तर त्यास फार तर १५ मिळणार. म्हणजे कागदावर तो मध्यम प्रतीचा रोगी. खोटे लिहिले तर मात्र निरोगी!

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी प्रेमाला रोगांच्या यादीतून १९७३ सालीच वगळले होते. यादीतून गेलेला रोग बेरजेतून असा परत आला. कोणाच्या मनात दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे नवराबायको होती, एवढेच.

समलिंगी पुरुषांसाठी शब्द बदललेली प्रश्नावली एचआयव्हीबाधित पुरुषांत पारखून २०१० साली प्रसिद्ध झाली. मधली तेरा वर्षे गेली ती गेलीच. शिवाय मूळ कागद विचारतो तो प्रवेश करणाऱ्यालाच. स्वीकारणाऱ्याच्या वेदनेवर सायमन रॉसर व सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९८ साली निबंध लिहिला, तरी त्या वेदनेला या कागदात जागा नाही.

प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर माणसाने काय गमावले, हे मोजण्यासही हीच प्रश्नावली वापरतात. ज्या समलिंगी पुरुषास त्या ग्रंथीवरील दाबातूनच सुख मिळत होते, त्याची ग्रंथी काढून टाकल्यावर झालेल्या हानीविषयी पंधरांपैकी एकही प्रश्न थेट विचारत नाही.