शुद्धिपत्राचें युग

जुन्या मराठी ग्रंथांच्या अखेरीस 'शुद्धिपत्र' या मथळ्याचें एखादें पान पुष्कळदां असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध अशा रकान्यांत ग्रंथकार आपल्या व मुद्रकाच्या चुका मांडी, आणि साक्षेपी वाचक लेखणी घेऊन त्या सुधारी. या रीतीमुळें चूक आणि तिची दुरुस्ती एकाच बांधणींत राहत. आमच्या काळीं मात्र ज्याचें शुद्धिपत्र मूळ चुकीलाच गिळून टाकतें असा एक कृतिप्रकार उदयास आला आहे. तो म्हणजे संगणकावर व मोबाईलवर खेळला जाणारा व्हिडिओ गेम. घरांतील मुलें ज्याला 'अपडेट' म्हणतात, तेंच त्याचें शुद्धिपत्र होय.

प्रारंभीं या खेळांना शुद्धिपत्र नव्हतेंच. १९८२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें 'ई. टी.' या लोकप्रिय चित्रपटावरून एक खेळ काढला. नाताळचा बाजार साधावयाचा असल्यामुळें हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांस तो सुमारें पांच आठवड्यांत रचावा लागला. खेळणारा पुनः पुनः खड्ड्यांत पडे आणि कंटाळून जाई. परंतु खेळ कार्ट्रिजमध्यें कायमचा कोरलेला. विक्रीनंतर त्यांत अक्षरही बदलण्याची सोय नव्हती. पडून राहिलेला माल १९८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो येथें कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरण्यांत आला, आणि २०१४ सालीं तो उकरून काढण्यांत आला. चूक सुधारतां आली नाहीं. पण ती पाहावयास तरी मिळाली.

इंटरनेट घरोघर पोहोंचल्यावर विकलेला खेळ दुरूनच सुधारतां येऊं लागला. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा 'फायनल फँटसी चौदा' सप्टेंबर २०१० मध्यें निघाला आणि इतका सदोष ठरला कीं कंपनीला जाहीर क्षमा मागावी लागली. नाओकी योशिदा यांनीं सूत्रें हातीं घेऊन जुन्या खेळाची डागडुजी आणि नव्याची उभारणी एकाच वेळीं चालविली. नोव्हेंबर २०१२ मध्यें आकाशांतून एक चंद्र कोसळून प्रलय झाल्याचें दाखवून जुनें जग मिटविलें, आणि ऑगस्ट २०१३ मध्यें नवें उघडलें. इंग्लंडांतील हॅलो गेम्स या लहानशा मंडळीचा 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्यें आला, तेव्हां कबूल केलेल्या कित्येक गोष्टी त्यांत नव्हत्या. मंडळीनें वादांत न पडतां काम चालूं ठेविलें. जुलै २०१८ मध्यें अनेकांनीं मिळून खेळण्याची पुरी सोय आली, आणि त्याबद्दल जुन्या ग्राहकांकडून जादा मोल घेतलें नाहीं. पोलंडचा 'सायबरपंक २०७७' तीनदां लांबणीवर पडून डिसेंबर २०२० मध्यें आला, तरी जुन्या यंत्रांवर असा अडखळला कीं सोनी कंपनीनें थोड्याच दिवसांत तो आपल्या दुकानांतून काढून ग्राहकांना पैसे परत देऊं केले. २०२३ मधील मोठ्या दुरुस्तीनंतर त्याच खेळाची वाहवा झाली.

महाराष्ट्रांतील उदाहरण पुण्याचें आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें राजस्थानी वास्तुकला आणि पहाडी चित्रशैली यांवरून 'राजी' हा खेळ रचिला. २०१७ सालीं लोकवर्गणीचा प्रयत्न अपुरा पडला. तरी २०२० मध्यें खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या चित्रकामाची स्तुति झाली, पण लढण्याच्या भागास अनेकांनीं नांवें ठेविलीं. पुराणकथेंतील पात्रें प्रथम इंग्रजी बोलत. २०२२ च्या सुधारित आवृत्तींत तीं हिंदी बोलूं लागलीं. अशा निर्धन कलावंतांस मागाहून सुधारण्याची सवड म्हणजे जीवदान. श्रीमंत कंपनी मुहूर्त साधण्यासाठीं अर्धवट माल बाजारांत लोटते, तिला तोच न्याय लावतां येत नाहीं.

कारण दुरुस्तीचा भार कोणावर पडतो, हा येथें प्रश्न आहे. पंढरपूर तालुक्यांतील करकंबसारख्या गांवीं एखाद्या मुलानें पैसे साठवून खेळ घेतला, तर पहिल्या दिवसाचें पुरें मोल तो देतो, आणि दोष शोधण्याचें कामही विनामोबदला तोच करितो. पुढें अपडेट उतरवून घेण्यांत त्याच्या फोनचा डेटा खर्च होतो तो वेगळाच. वर्षभर थांबणारा शहाणा ग्राहक तोच खेळ निर्दोष आणि बहुधा स्वस्तांत घेतो. स्क्वेअर एनिक्सनें जुन्या खेळाची वर्गणी २०१२ च्या आरंभापर्यंत माफ केली आणि जुन्या सभासदांचीं नांवें नव्या खेळाच्या श्रेयनामावलींत घातलीं. हें ऋण मानणें आम्हांस दुरुस्तीइतकेंच महत्त्वाचें वाटतें.

दुसरा प्रश्न इतिहासाचा. शके १२१२ मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पुढें अपपाठ शिरले, म्हणून शके १५०६ मध्यें एकनाथांनीं तिचें शोधन केलें. तेथें मूळ शुद्ध आणि काळाबरोबर पाठ बिघडत गेला. या खेळांत मूळच अशुद्ध आणि काळाबरोबर पाठ सुधारत जातो. परंतु प्रती अनेक असल्यामुळें पाठभेद ताडून पाहतां येतात. 'फायनल फँटसी चौदा'चें पहिलें जग ज्या यंत्रांवर नांदत होतें तीं कंपनीनें बंद केलीं. आतां कितीही पैसा दिला तरी तें कंपनीकडून खेळावयास मिळत नाहीं. जे खेळ तबकडीवर विकले गेले त्यांचा पहिला पाठ तबकडीवर उरतो. जे केवळ इंटरनेटवरून उतरविले गेले त्यांचा बहुधा तोही नाहीं. पहिल्या दिवशीं काय विकलें गेलें, हें सांगावयास मग खेळणाऱ्यांच्या तक्रारी आणि त्यांनीं टिपलेलीं चलच्चित्रें एवढाच पुरावा राहतो.

ग्रंथालयें पुस्तकाची पहिली आवृत्ति जपतात, ती दुसरी अधिक चांगली असली तरीही. खेळ रचणाऱ्यांनींही आपला पहिला पाठ, त्याच्या दोषांसकट, कोठेंतरी जतन करून ठेवावा. ज्यांनीं तो विकत घेतला त्यांची तक्रार खरी होती, हें उद्यांच्या अभ्यासकास तपासून पाहतां आलें पाहिजे.