रानातल्या शेंगांची साक्ष

मंडळी, तुम्ही जॉर्जियात किंवा उत्तर फ्लोरिडात राहत असाल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हायवेवरून जाताना रानातून उठणारा धूर पाहिला असेल. वणवा लागला की काय, म्हणून पोटात गोळा येतो. पण बऱ्याचदा ती आग माणसांनी मुद्दाम, ठरवून लावलेली असते. या आगीला सरकारी मान्यता मिळायला मोठा झगडा झाला, आणि त्यात महत्त्वाची साक्ष दिली ती रानातल्या शेंगांनी!

इथं एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर लाँगलीफ पाइनची रानं होती. झाडं विरळ, मधे भरपूर ऊन, खाली गवताचं कुरण. आधी इथले मूलनिवासी आणि नंतर गुराखी, शेतकरी ही कुरणं वरचेवर जाळत. वनाधिकाऱ्यांना हा निव्वळ अडाणीपणा वाटायचा. १९२८ पासून ‘अमेरिकन फॉरेस्ट्री असोसिएशन’चे तरुण ट्रकमध्ये सिनेमाचा प्रोजेक्टर घालून खेडोपाडी सांगत फिरले, की रान जाळू नका.

त्याच सुमारास हर्बर्ट स्टॉडर्ड हा माणूस तिथं वेगळंच काही पाहत होता. कॉलेजचं तोंड न पाहिलेला, लहानपणी फ्लोरिडातल्या गुराख्यांना रान जाळताना पाहिलेला. १९२४ मध्ये त्याला बॉबव्हाइट जातीच्या लाव्यांचा अभ्यास करायला नेमलं होतं. हे पक्षी खातात काय, हे तपासताना रानटी शेंगावर्गीय झाडांच्या बिया मोठ्या प्रमाणात सापडल्या. आणि ही झाडं कुठं जोमात होती? जिथं आग लागून गेली होती तिथं!

असं का होतं? यातल्या बऱ्याच बियांचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही. आगीच्या धगीनं कवचाला तडे जातात, मग पाऊस पडला की बी रुजतं. बहुवर्षायू झाडांचा वरचा भाग जळतो, पण जमीन दोन-तीन इंच खाली फारशी तापतच नाही. तिथल्या मुळांतून पुन्हा धुमारे फुटतात. साचलेलं वाळकं गवत जळाल्यामुळं कोंबांना ऊन मिळतं. जळताना नायट्रोजन धुरावाटे उडून जातो खरा, पण शेंगावर्गीयांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो हवेतून पुन्हा मिळवून देतात. आग बरीच वर्षं थांबवली, तर झुडपं माजतात आणि सावलीत या शेंगा मागं पडतात.

१९३१ मध्ये स्टॉडर्डचं पुस्तक आलं. आगीवरचं प्रकरण त्याला वरिष्ठांच्या दबावामुळं पुन्हा पुन्हा लिहून सौम्य करावं लागलं होतं. अखेर १९४३ मध्ये वनखात्यानं दक्षिणेतल्या पाइनच्या रानात नियंत्रित आगीला परवानगी दिली. गंमत बघा, पुढच्याच वर्षी ‘स्मोकी बेअर’ हे अस्वल देशभर आगीविरुद्ध प्रचार करू लागलं!

म्हणजे कुठलीही आग चांगली, असं नाही हं. ऋतू, वारा, ओलावा बघूनच ती लावतात. गुराख्यांनाही हे अनुभवानं माहीत होतं; त्यांना कुणी विचारलं नाही, इतकंच.

जाता जाता एक सांगतो. या रानातल्या शेंगांपैकी एक, ‘गोट्स रू’, आपल्या माळरानावरच्या उन्हाळीची, म्हणजे शरपुंखाची, सख्खी बहीण. दोघींचं कुळनाव टेफ्रोसिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, राखेच्या रंगाची. नाव पानांच्या करड्या रंगावरून पडलंय, आगीवरून नव्हे. पण तो धूर पुन्हा दिसला, तर ही राखाडी बहीण जरूर आठवा.