नागपूरमधील महाविद्यालयीन शिक्षण
विदर्भातील नागपूर या महानगरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाढत गेलेली उच्च शिक्षणाची व्यवस्था, तीत प्रवेश घेणारा विद्यार्थिवर्ग आणि पदवीनंतरचे त्याचे भवितव्य यांचा इतिहास. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याला सहा महाविद्यालये संलग्न होती व त्यांत मिळून ९२७ विद्यार्थी शिकत होते. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत २४,०५,६६५ लोक राहत होते आणि जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण ८८.३९ टक्के होते. या दोन टोकांमधील वाढीला दोन बाजू आहेत : महाविद्यालयाचे दार कोणाला, केव्हा व कशामुळे उघडले, ही एक, आणि त्या दारातून बाहेर पडलेल्याचे पुढे काय झाले, ही दुसरी. पहिल्या बाजूची नोंद शासकीय दप्तरांत वर्षानुवर्षे होत आली. दुसरीकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

प्रारंभ : भोसल्यांचे राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची नागपूर ही राजधानी झाली. सचिवालय, न्यायालये व रेल्वे यांमुळे इंग्रजी जाणणाऱ्या नोकरवर्गाची गरज वाढली. १८४५ मध्ये नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी व भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी सुरू केलेल्या शैक्षणिक कार्यातून १८८३ मध्ये हिस्लॉप महाविद्यालय उभे राहिले. त्यापाठोपाठ १८८५ मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर जॉन मॉरिस यांच्या नावाने मॉरिस महाविद्यालय निघाले. हेच पुढे नागपूर महाविद्यालय व त्यानंतर वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या नावांनी ओळखले जाऊ लागले. विज्ञान व कृषी या विषयांच्या शिक्षणाची सोय १९०६ मध्ये झाली. व्हिक्टोरिया विज्ञान महाविद्यालय (नंतरची विज्ञान संस्था) व कृषी महाविद्यालय ही दोन्ही त्याच वर्षीची होत.

या काळात परीक्षा दूरच्या विद्यापीठांच्या हाती होत्या. नागपूरची महाविद्यालये प्रथम कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. अभ्यासक्रम तेथे ठरत, उत्तरपत्रिका तेथे तपासल्या जात आणि ज्या भाषांना व प्रश्नांना तेथे महत्त्व होते, त्यांचेच प्रतिबिंब येथील वर्गांत पडे. महाविद्यालयांत येणारे विद्यार्थी बहुतांशी शहरातील व उच्चवर्णीय कुटुंबांतील होते. संख्या लहान, पण पदवीचे मोल मोठे अशी तेव्हाची स्थिती होती. वकिली, शिक्षकी पेशा वा सरकारी कचेरी यांपैकी एखादी वाट पदवीधराला सहसा मोकळी असे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरलाच भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराचा ठराव पक्का केला व त्यानुसार काही विद्यार्थ्यांनी महाविद्यालये सोडली. हमखास नोकरीची वाट आपण होऊन सोडण्याचा हा प्रकार पदवीचे तत्कालीन मोलच दाखवून देतो.

विद्यापीठाची स्थापना : ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ अस्तित्वात आले. विधिज्ञ व शहराच्या सार्वजनिक जीवनातील अग्रणी सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरू होत. विद्यापीठाचे क्षेत्र विस्तृत होते. मध्य प्रांताचे मराठी जिल्हे व वऱ्हाड यांबरोबरच जबलपूरसारखी हिंदी भाषी केंद्रेही त्यात मोडत. घराजवळ विद्यापीठ आल्याने संपूर्ण प्रांतातील विद्यार्थी नागपूरकडे वळले. या काळातील पदवीधरांनी प्रांताबाहेरही कर्तृत्व गाजविले. मॉरिस महाविद्यालयातून १९२६ मध्ये पदवी घेतलेले मुहम्मद हिदायतुल्ला हे पुढे भारताचे सरन्यायाधीश (१९६८–७०) व उपराष्ट्रपती (१९७९–८४) झाले, पी. व्ही. नरसिंह राव यांनी कायद्याचे शिक्षण याच विद्यापीठात घेतले. १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय आल्यावर विधी शाखेचे आकर्षण अधिकच वाढले.

लोकाश्रयही मिळू लागला. कामठीचे मँगॅनीजचे व्यापारी रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी १९३० मध्ये विद्यापीठाला सु. ३५ लाख रु. दिले, त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. खनिजांवर मिळविलेली संपत्ती त्या भूमीतील तरुणांना रसायन-अभियांत्रिकी शिकविण्यासाठी खर्च व्हावी, ही त्या काळी दुर्मिळ दृष्टी होती. या संस्थेला २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

प्रवेशाचा विस्तार : महाविद्यालयाचे दार रुंदावण्यास चार गोष्टी मुख्यतः कारणीभूत झाल्या : स्त्रियांसाठी स्वतंत्र संस्था, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि भाषामाध्यम. महिला शिक्षण संस्थेने १९३२ मध्ये काढलेले स्त्रियांचे महाविद्यालय पुढे लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. मुलींना सहशिक्षणाच्या महाविद्यालयात पाठविण्यास कचरणाऱ्या कुटुंबांची अडचण त्याने दूर केली. १९४५ मध्ये नागपूरला सुरू झालेल्या गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालयाने व्यापारी व कारकुनी पेशांतील कुटुंबांच्या मुलांना नवे क्षेत्र दिले.

दलित विद्यार्थ्यांच्या बाबतीत शिष्यवृत्ती व वसतिगृह यांवाचून प्रवेशाला अर्थ नव्हता. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. चोखामेळा वसतिगृहासारख्या संस्थांनी खेड्यातून येणाऱ्यास शहरात पाय ठेवण्यास जागा दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. या धर्मांतरामुळे नवदीक्षित बौद्ध अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींना मुकले. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर आपल्या अखत्यारीतील सवलती त्यांना लागू केल्या. केंद्रीय कायद्यातील दुरुस्ती मात्र १९९० मध्ये झाली. मधल्या काळातील विद्यार्थ्यांपुढे राज्याच्या व केंद्राच्या नियमांतील हा भेद कायमच उभा राहिला. दीक्षाभूमीच्या परिसरात १९६४ मध्ये स्थापन झालेले डॉ. आंबेडकर महाविद्यालय हे या समाजाच्या शिक्षणविषयक आकांक्षेचे मूर्त रूप होय. ज्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेले नव्हते, अशा घरातील पहिला पदवीधर येथील अनेक वर्गांत बसलेला असे.

माध्यमाचा प्रश्नही नागपूरने लवकर हाती घेतला. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठाने हिंदी व मराठी या भाषांना शिक्षणाचे माध्यम म्हणून स्थान दिले. त्यामुळे कला व वाणिज्य शाखांत ग्रामीण विद्यार्थ्यांची वाट सुकर झाली. तथापि वैद्यक, अभियांत्रिकी व उच्च विज्ञान यांचे शिक्षण इंग्रजीतच राहिले. परिणामी मराठी शाळेतून आलेला हुशार विद्यार्थी विज्ञानाच्या पहिल्या वर्षात विषयामुळे नव्हे, तर भाषेमुळे अडखळतो, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला.

राजधानीपण संपल्यानंतर : १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले व राजधानी राहिले नाही. सचिवालयातील पदे येथून हलली. पदवीधर मात्र तयार होतच राहिले. नागपूर करार (१९५३) व संविधानाचा अनुच्छेद ३७१(२) यांत विदर्भासाठी तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्यसेवेत नोकरीची पुरेशी संधी यांचा एकत्र उल्लेख आहे. शिक्षण व नोकरी या एकाच साखळीच्या कड्या आहेत, हे त्या मसुद्यांतही गृहीत होते. या अनुच्छेदानुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशांतील ७०:३० हे प्रादेशिक सूत्रही राज्य शासनाने रद्द केले.

राजधानी गेली, तरी केंद्रीय संस्थांमुळे काही नवी क्षेत्रे खुली झाली. भारतीय खाण ब्यूरो, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (स्थापना १९५८) आणि वेस्टर्न कोलफील्ड्स यांची मुख्यालये नागपूरला असल्याने भूविज्ञान, रसायन व अभियांत्रिकी या विषयांच्या पदवीधरांना शहरातच काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली. ही पदे थोडी होती. कला शाखेच्या वाढत्या पदवीधरवर्गाला त्यांचा उपयोग नव्हता.

व्यावसायिक शिक्षण : शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये व विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले. दुसऱ्याचे २००२ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत रूपांतर झाले. १९८३ नंतर राज्य शासनाने विनाअनुदान तत्त्वावरील महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले व १९८४ मध्ये यशवंतराव चव्हाण, रामदेवबाबा आणि कर्मवीर दादासाहेब कन्नमवार यांच्या नावांची अभियांत्रिकी महाविद्यालये नागपुरात निघाली. प्रवेशाच्या जागा वाढल्या, पण शुल्काचा भार कुटुंबावर आला. जमीन गहाण टाकून वा कर्ज काढून मुलाला अभियंता करण्याची धडपड विदर्भातील खेड्यांतून दिसू लागली. त्यानंतरच्या तीन दशकांत जागा इतक्या वाढल्या, की अनेक महाविद्यालयांत त्या रिकाम्या राहू लागल्या. ज्यांनी पदवी घेतली, त्यांतील मोठ्या वर्गाला पुणे, हैदराबाद व बंगळूर या शहरांची वाट धरावी लागली. मिहान प्रकल्पातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमुळे या ओघाला काहीसा आळा बसला. भारतीय व्यवस्थापन संस्था (२०१५), भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था (२०१६) व अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (२०१८) यांच्या आगमनाने नागपूर पुन्हा अखिल भारतीय विद्यार्थ्यांचे केंद्र बनले. त्यांतील बऱ्याच जागा मात्र देशव्यापी स्पर्धेतून भरल्या जातात. २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाख रु.पर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शुल्क माफ केले.

आकड्यांचा अर्थ : नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थिसंख्येची सलग तुलना करणे सोपे नाही, कारण मोजल्या जाणाऱ्या वस्तूच बदलत गेल्या. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघाल्यावर हिंदी भाषी जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याकडे गेली. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठाकडे पश्चिम विदर्भ आणि २०११ मध्ये गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठाकडे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे गेले. नागपूरकडे नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे उरले. विषयांचीही अशीच वाटणी झाली : कृषी शिक्षण १९६९ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे, वैद्यक १९९८ मध्ये नासिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडे आणि पशुवैद्यक २००० मध्ये नागपूरलाच स्थापन झालेल्या स्वतंत्र विद्यापीठाकडे गेले. १९७० नंतरच्या दशकात दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आकृतिबंध आल्यावर पदवीपूर्व वर्गही विद्यापीठाच्या गणनेतून निघाले. म्हणून संख्या घटली म्हणजे शिक्षण आटले, वा वाढली म्हणजे ते पसरले, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. २००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले.

निष्पत्तीची मोजणी याहूनही अवघड आहे. काही विषयांत अनुत्तीर्ण होऊनही पुढील वर्गात बसण्याची मुभा देणाऱ्या ‘एटीकेटी’ पद्धतीमुळे विद्यार्थी पटावर राहतो. तो तीन वर्षांत पदवीधर झाला, सहा वर्षांत झाला की मध्येच शेतीकडे अथवा दुकानाकडे वळला, हे प्रवेशाच्या आकड्यावरून समजत नाही. निकालावरील विश्वासालाही १९९९ मध्ये मोठा धक्का बसला. त्या वर्षी नागपूर विद्यापीठातील गुणवाढीचा गैरप्रकार उघडकीस आला आणि प्रामाणिक विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांकडेही काही काळ संशयाने पाहिले गेले. दुसरीकडे, कायम पदे न भरल्यामुळे अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर पडला. त्यांतील कित्येक त्याच विद्यापीठाचे उच्च पदवीधर होत. शिक्षणाची निष्पत्ती शिक्षणसंस्थेच्याच उंबरठ्यावर अडल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये १८ ते २३ वयोगटातील स्थूल प्रवेशप्रमाण देशात २८.४ टक्के, तर महाराष्ट्रात ३५.३ टक्के होते. राज्य देशाच्या पुढे आहे. परंतु या प्रमाणावरून पदवी पूर्ण करणाऱ्यांचा व तिच्या योग्यतेचे काम मिळविणाऱ्यांचा बोध होत नाही. राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन आराखड्यात (२०१५) पदवी-निष्पत्ती हा स्वतंत्र निकष आला व त्याला सर्वसाधारणपणे २० टक्के भार देण्यात आला. मात्र मानांकनाच्या स्पर्धेत मुख्यतः मोठ्या व संपन्न संस्था उतरतात. उपनगरातील वा तालुक्याच्या गावातील कला महाविद्यालयाचा विद्यार्थी पदवीनंतर कोठे गेला, हे त्यातून कळत नाही.

नागपूरच्या महाविद्यालयीन शिक्षणाची वाढ तीन टप्प्यांत झाली : प्रथम प्रांताच्या प्रशासनासाठी, नंतर सामाजिक न्यायाच्या मागणीतून आणि अखेरीस खाजगी शुल्कावर. प्रत्येक टप्प्यात विद्यार्थ्यांची संख्या वाढली आणि पदवी व उपजीविका यांमधील अंतरही वाढत गेले. १९२३ च्या ९२७ विद्यार्थ्यांची संख्या लहान, पण त्यांच्या पदवीचे मोल मोठे होते. त्यांच्या तुलनेत नंतरच्या पिढ्यांना महाविद्यालयात शिरणे सोपे झाले, तेथून निघून स्थिर होणे कठीण. म्हणून प्रवेशाबरोबरच विद्यार्थ्याच्या पुढील वाटचालीची नोंद ठेवणे हे या शहराच्या शिक्षणव्यवस्थेपुढील महत्त्वाचे कार्य ठरते.