माशाच्या पिलाचा घास आणि त्याचं वैद्यकातलं आजोळ

समुद्री माशाच्या नवजात पिलाला भरवायचं काय, याचं जुनं उत्तर ठरलेलं आहे: नॉर्वेत १९३९ साली रोलेफसेन यांनी आर्टेमिया वापरला, जपानात १९६० साली इतो यांनी रोटिफर सुचवला, आणि जिताड्याच्या हॅचरीत आजही हेच जिवंत खाद्य चालतं. कृत्रिम खाद्याचा जन्म मात्र पशुखाद्याच्या गिरणीत झाला असं सहज धरलं जातं, आणि ते मला पटत नाही. मासळीची भुकटी कितीही बारीक दळली तरी अडचण वाढतेच. कण जितका लहान तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे त्यातली अमिनो आम्लं मिनिटांत पाण्यात उतरतात आणि पिलाच्या तोंडी चोथा येतो. कणाला भिंत हवी होती, आणि ती दळणातून मिळणारी नव्हती.

ती आली वैद्यकातून. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात थॉमस चँग यांनी १९५७ साली, विद्यार्थी असताना, हिमोग्लोबिन पातळ पडद्यात कोंडून कृत्रिम रक्तपेशी बनवली. १९६४ च्या निबंधात पडदा नायलॉनचाही झाला. १९७४ साली वेल्समधले जोन्स, मनफर्ड आणि गॅबट यांनी ‘नेचर’मध्ये पाणी गाळून खाणाऱ्या जलचरांसाठी अन्नकुप्या मांडल्या, त्यांची भिंत नायलॉन आणि प्रथिनाची. कोणी म्हणेल, कुप्यांचं मूळ त्याआधीच्या, कार्बनविना नक्कल उठवणाऱ्या कागदात आहे. पण बॅरेट ग्रीन यांच्या त्या कुपीत तेलाच्या थेंबाभोवती जिलेटिन साचतं. नायलॉनची भिंत दोन द्रव भेटतात तिथे, त्या सीमेवरच विणली जाते. जोन्स यांची भिंत दुसऱ्या जातीची, म्हणून वंश चँगकडे जातो. त्याच वर्षी स्कॉटलंडचे एड्रन, ब्लेअर आणि काउई यांनी प्लेस माशाची पिलं कृत्रिम खाद्यावर रूपांतरापर्यंत वाढवली, हा आक्षेप खरा. पण त्यावरून पिलू असं खाद्य पचवू शकतं एवढंच सिद्ध होतं, भिंतीचं मूळ कळत नाही.

उसनवारीची खूण या भिंतीच्या दोषातच दिसते. चँग यांना मोठे रेणू आत राहावेत आणि लहान रेणू आरपार जावेत असंच हवं होतं. माशाच्या खाद्यात नेमके तेच लहान रेणू अडवायचे होते. म्हणून कुपी पाझरत राहिली, आणि पुढे मेदाच्या भिंती आल्या. शिवाय कोवळ्या पिलाला आम्ल पाझरणारं जठर नसतं, नायलॉन त्याला जड. पाण्यात टिकणारी आणि पोटात विरघळणारी भिंत ही मागणीच रक्तपेशीच्या कारागिरीत नव्हती. फ्रान्समधल्या ब्रेस्टच्या काहू आणि झाम्बोनिनो इन्फांते यांनी, माझ्या मते अधिक शहाणपणाने, आतल्या मालाकडे लक्ष दिलं: अर्धवट पचवलेली प्रथिनं आणि फॉस्फोलिपिड घालून त्यांनी सी-बासची पिलं तोंड उघडल्यापासून कोरड्या खाद्यावर वाढवून दाखवली.