लिंक्डइन सगळ्यांच्याच कामाचं आहे का?

कॉलेजचं शेवटचं वर्ष आलं की "लिंक्डइनवर अकाउंट काढलंस का?" हा प्रश्न ठरलेला. मग घाईघाईत प्रोफाइल तयार होतं, शंभरेक जणांना रिक्वेस्ट जातात आणि दोन महिने काहीच घडलं नाही की आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं. तसं समजण्याआधी हे अ‍ॅप नेमकं कुणासाठी आहे ते बघू.

लिंक्डइन चालतं कसं?

लिंक्डइन मे २००३ मध्ये सुरू झालं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतलं. साधं अकाउंट फुकट असतं. कमाई होते ती जाहिराती, प्रीमियम आणि रिक्रूटरना विकलेल्या सर्च टूल्समधून. म्हणजे रिक्रूटर स्किल, शहर, अनुभव टाकून शोधतो आणि त्या यादीत तुम्ही दिसता. तुमच्या क्षेत्रातले रिक्रूटर तिथे शोधतच नसतील, तर प्रोफाइल कितीही चांगलं असो, उपयोग कमीच.

कुणाला फायदा होतो?

आयटी, डेटा, फायनान्स, मार्केटिंग, एचआर या क्षेत्रांत. इथे मुख्य फायदा रेफरलचा. हव्या त्या कंपनीत आपल्या कॉलेजचे सीनियर कोण आहेत ते लगेच सापडतं.

कुणाला फारसा नाही?

एमपीएससी किंवा पोलीस भरतीची तयारी करत असाल तर निवड परीक्षेतून आणि मैदानी चाचणीतून होते, प्रोफाइलवरून नाही. आयटीआय झालेल्या फिटर, वायरमनला अप्रेंटिसशिपचं सरकारी पोर्टल आणि एमआयडीसीतल्या ओळखी जास्त कामाच्या. घरून केक किंवा मेंदीच्या ऑर्डर घेत असाल तर गिऱ्हाईक इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आहे.

वापरायचंच असेल तर

१. नावाखालच्या ओळीत "नोकरीच्या शोधात" एवढंच लिहू नका. काय येतं ते लिहा: जावा, टॅली, ऑटोकॅड.
२. सध्या नोकरीत असाल तर "ओपन टू वर्क" फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवा. सगळ्यांना ठेवलंत तर फोटोभोवती हिरवी पट्टी येते, ती बॉसलाही दिसते.
३. कुणाचं प्रोफाइल पाहिलंत तर त्यांना ते कळू शकतं. नको असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हेट मोड निवडा.
४. प्रीमियमची फ्री ट्रायल घेतलीत तर ती संपण्याआधी रद्द करा, नाहीतर पैसे कापले जातात.

इथे फसू नका

लिंक्डइनवरही खोटे रिक्रूटर असतात. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा नावाखाली नोकरीआधी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. ऑफर खरी आहे का ते कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या करिअर पानावर तपासा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मग अकाउंट काढू की नको?

एक सोपी टेस्ट करा. जॉब्समध्ये तुमचं काम आणि तुमचं शहर टाकून शोधा. तुम्ही खरोखर अर्ज कराल अशा निदान दहा जागा दिसल्या तर आठवड्यातून दोन तास द्या. दोनच दिसल्या तर तो वेळ तुमचं काम जिथे मिळतं तिथे घाला. लिंक्डइनवर नसल्याने कुणी मागे पडत नाही.