आठ फूट बाय पाच फूट: कारवान कुत्रा आणि जाळीची खोली

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखाच हा भाग लिहून देतोय. बोलताना दोन-तीन गोष्टी राहून गेल्या होत्या, त्या इथं घातल्यात.

या वेळचा विषय माझ्या घराच्या मागच्या अंगणातला आहे. लातूरला आमच्या घरामागं, पाण्याच्या टाकीला लागून, जाळीची एक खोली आहे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, वर पत्रा. त्यात हरण्या राहतो. हरण्या म्हणजे आमचा कारवान कुत्रा. तीन वर्षांचा, लांब तोंडाचा, बरगड्या दिसणारा. पाहुणे आले की हमखास म्हणतात, "खायला देत नाहीत का ह्याला?" ही जातच तशी असते, हे प्रत्येकाला नव्यानं सांगावं लागतं.

मी नांदेडला बीटेक केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. महिना-दीड महिन्यानं घरी येतो. मागच्या मे महिन्यात वर्क फ्रॉम होम घेऊन आलो, टेबल मागच्या खिडकीशी लावलं आणि हरण्याला पहिल्यांदा दिवसभर बघितलं. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, वळायचं, परत. मीटिंगमध्ये म्यूटवर बसून मी मोजलं: एका मिनिटात चौदा फेऱ्या. खालच्या मुरमात त्याच्या पायांची वाट पडली होती.

पप्पांना म्हणालो, हे काय बरोबर नाही. ते म्हणाले, "मोतीचं काय झालं ते इसरलास का?"

विसरलो नव्हतो. मोती हरण्याच्या आधीचा. तो मोकळा असायचा. नांदेड रोडला टेम्पोखाली गेला, आणि त्याला पोत्यात घालून पप्पांनीच आणलं होतं. त्यानंतर ही जाळी आली. म्हणजे खोली बांधणारा माणूस निर्दयी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरी प्रश्न उरतोच: कुत्र्याला असं बाहेर जाळीत ठेवणं माणुसकीचं आहे का? आणि आपल्या भागात कुत्र्याला कोंडायला सुरुवात तरी कधी झाली?

आता थोडं मागं जाऊ. बरंच मागं.

राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. त्यांच्यातला कृष्ण तिसरा, ज्याच्याशी नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या किल्ल्याचं नाव जोडलं जातं, त्यानं दहाव्या शतकात तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवलं. त्या लढाईत त्याच्या बाजूनं गंग राजा बूतुग होता. बूतुगाचा एक सरदार होता मणलेर. तो असा लढला की राजा खूश होऊन म्हणाला, माग काय पाहिजे ते. आता माणूस काय मागेल? गाव, जमीन, सोनं. मणलेरनं राजाचा कुत्रा मागितला. त्याचं नाव काळी.

पुढं एका रानडुकरावर काळीला सोडलं. दोघं झुंजले, दोघंही मेले. मणलेरनं काळीसाठी देवळासमोर दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली आणि पूजा न करता जेवणाऱ्याला पाप लागेल असंही कोरून ठेवलं. हा अतकूरचा शिलालेख, इ.स. 949-50 चा. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात सापडला, दगड आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. त्याच दगडावर एवढ्या मोठ्या लढाईची हकिगत आहे आणि त्याच दगडावर एका कुत्र्याची.

पुढं बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर तिसऱ्यानं 'मानसोल्लास' लिहिला. कल्याणी म्हणजे बसवकल्याण, लातूरच्या सीमेपलीकडे बिदर जिल्ह्यात. राजानं मन कशात रमवावं याची त्यात मोठी यादी आहे आणि त्यात 'सारमेयविनोद' असा कुत्र्यांवरचा भाग आहे.

हे सांगून 'आपले पूर्वज किती प्राणिप्रेमी' असं मला म्हणायचं नाही. काळीला डुकराच्या अंगावर सोडून मारलंच की. मुद्दा एवढाच की ह्या कुत्र्याची किंमत तो पळतो, झेप घेतो यात होती. उभा राहून दिसतो कसा, यात नव्हती.

कारवान हे नावच बघा. काफिला, तांडा यावरून आलेलं. पश्चिम आणि मध्य आशियातल्या सालुकी, ताझी ह्या कुत्र्यांशी याचं नातं लावतात. व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या काफिल्यांबरोबर ही कुत्री दख्खनमध्ये आली असं पाळणारे सांगत आलेत. अंगाला आखूड केस असले की कारवान, कानाशेपटीला लांब मऊ केस असले की पश्मी. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव ह्या दोन्हींसाठी ओळखलं जातं. तिकडं कर्नाटकात याच घडणीच्या कुत्र्याला मुधोळ म्हणतात. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ती पैदास सांभाळली आणि एक जोडी थेट पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली. मुधोळ आणि कारवान एकच की वेगळे, यावर आमच्याकडं माणसं हातघाईवर येतात, त्यामुळं मी पुढं सरकतो.

तांड्याबरोबर चालणाऱ्या कुत्र्याला खोली कोण देणार? धनगराच्या कुत्र्यालाही नव्हती. आमच्या आखाड्यावरच्या कुत्र्यालाही नव्हती. (पुण्याच्या श्रोत्यांसाठी: आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे, शेतातला गोठा आणि राहायची जागा.) तिथं कुत्रं दिवसा बाजेखाली, रात्री शिवारात. काही काही दिवसा साखळीला बांधलेली असायची, हेही खरं. पण चार पावलांवर माणूस असायचा, बैल असायचे, दिवस मावळला की साखळी सुटायची.

मग त्याचं काम गेलं. 1972 म्हटलं की आमच्याकडं दुष्काळ आठवतो. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1991 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही संपली. ते झालं ते चांगलंच झालं, नाहीतर ससे आणि काळवीट आपण फोटोतच बघितले असते. पण शेकडो वर्षं पळण्यासाठी निवडून निवडून वाढवलेला कुत्रा बिनकामाचा झाला. शेतं रस्त्यांनी चिरली, आखाड्यावरची माणसं शहरात प्लॉट घेऊन आली आणि कुत्राही प्लॉटवर आला. 30 ऑगस्ट 2020 ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ, राजापालयम ह्या देशी कुत्र्यांचं नाव घेतलं. आमच्या भागात तेव्हापासून पिलांची चौकशी वाढली, भाव वाढले, आणि भाव वाढला की चोरीची भीती येते. जाळ्या अशा वाढल्या. हा माझ्या गल्लीचा आणि पाहुण्यारावळ्यांचा अनुभव आहे, सर्व्हे नाही.

आता कायदा. हा भाग वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्यामागं रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या, त्याच, भरतनाट्यमवाल्या. 1953 मध्ये राज्यसभेत त्यांनी खासगी विधेयक आणलं होतं; सरकार स्वतः कायदा करेल असं नेहरूंनी सांगितल्यावर मागं घेतलं. ह्या कायद्याचं कलम 11 बघा. पुरेसं हलता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं, हा गुन्हा. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला खूप वेळ बांधणं, हा गुन्हा. आणि त्याच्या खाली, खास कुत्र्यासाठी वेगळा मुद्दा आहे: नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं वाजवी व्यायाम न देणं, हाही गुन्हा.

म्हणजे कायदा जाळीला नाही म्हणत नाही. तो विचारतो, दार उघडतं कधी?

शिक्षा मात्र ऐका. पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड. तेव्हा ती रक्कम असेल. आज तेवढ्यात दोघांचा चहा-भजीसुद्धा नीट होत नाही.

मी इंजिनिअर, त्यामुळं आकडे हवेच होते. जर्मनीत 2001 च्या नियमात बाहेरच्या कुत्राघराची मापं दिलीत. खांद्यापर्यंतची उंची 65 सेंटिमीटरच्या वर असेल तर किमान 10 चौरस मीटर. टेप घेऊन हरण्याला मोजलं: 67. दहा चौरस मीटर म्हणजे साधारण 108 चौरस फूट. आमची खोली 40. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "जर्मनीत आहो का आपण?" बरोबर आहे, नाही आहोत. जर्मनीत लातूरचा मे महिनाही नाही. चाळीसच्या वर पारा, डोक्यावर पत्रा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंग गार करतो. पण भोवतालची हवाच तापलेली असली तर धापा टाकून किती गार होणार? आणि तिथंही नुसती मोठी जागा पुरत नाही. कुत्र्याला त्या जागेच्या बाहेर नेणंही नियमात आहे.

एक गोष्ट कुठल्याच नियमात मला दिसली नाही, ती खिडकीतून दिसली. कारवान वासापेक्षा डोळ्यानं शिकार करणारा कुत्रा. लांबवर काही हललं की त्याचं अंग ताठतं. भिंतीआड ठेवलेल्या कुत्र्याला निदान दिसत तरी नाही. जाळीतून हरण्याला खार दिसते, मांजर दिसतं, गल्लीतली मोकाट कुत्री दिसतात, दिवसभर. त्याची एक झेप ही अख्ख्या खोलीहून मोठी.

पत्र्याचा विषय निघाला की पप्पा किल्लारीवर जातात. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमचं गाव औसा तालुक्यातलं. पप्पा म्हणतात, "पत्र्याच्या शेडात आम्ही दोन उन्हाळे काढलाव, ह्याला काय होतंय?" त्या दिवशी आजी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं वरही बघितलं नाही. म्हणाली, "तुला दार होतं की रे शेडाला. आतून कडी होती."

मग ती गोठ्याचं बोलली. त्या रात्री गोठ्याची भिंत आत पडली. दावणीला दोन बैल होते. सोडायला कुणाचा हात पोचला नाही. आजी अजूनही रात्री गाईचं दावं सैल गाठीनं बांधते, ओढलं की सुटेल असं. आम्हाला वाटायचं तिला गाठ जमत नाही.

पप्पा त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वेल्डरला बोलावलं. खोली कडुनिंबापर्यंत वाढवली, वीस फूट झाली. पत्र्यावर तुराट्यांचा थर टाकला. पहाटे पाचला पप्पा त्याला स्कूटीवर पुढं उभा करून आखाड्यावर न्यायला लागले, आणि नांगरलेल्या मोकळ्या रानात हरण्या सुटला की पप्पा मला व्हिडिओ पाठवायचे. व्हिडिओत नुसती धूळ असायची. तो फ्रेमच्या बाहेर गेलेला.

डिसेंबरात माळेगावला गेलो. लातूरहून नांदेडला जाताना लोहा तालुक्यात लागतं ते, खंडोबाचं. खंडोबाबरोबर घोडा असतो आणि कुत्राही असतो, त्यामुळं इथल्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराबरोबर कुत्र्यांचं प्रदर्शनही भरतं. तिथं एक म्हातारे बाबा पश्मी घेऊन आले होते. मी त्यांना माझा प्रश्न विचारला, जाळीत ठेवावं का म्हणून. ते म्हणाले, "ठेव की. रातच्याला ठेव. चोर हैत, बिबट्या हाय. पण सकाळी त्यानं तुझ्याकडं बघितलं की तुला कळायला पाहिजे किती वाजले ते." दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच येळवस होती. हरण्याला शेतात नेलं, भज्जी-आंबील झाली, तो बाजेखाली झोपला. दिवसभर एक फेरी नाही.

त्यानं सगळं मिटलं असतं तर हा भाग मी डिसेंबरातच केला असता. आता जून संपत आलाय. सोयाबीन उगवलंय, सगळं शिवार हिरवं झालंय, आणि उगवत्या पिकात कुत्रं सोडलं तर शेजारी ऐकून घेणार नाही. त्याचंही बरोबर आहे. पप्पा दोरी धरून बांधानं चालवतात, पण बासष्टाव्या वर्षी चिखलात हरण्याच्या ओढीला पुरं पडणं सोपं नाही. गेल्या आठवड्यात ते घसरले. मनगट सुजलंय. काल आईनं फोनवर सांगितलं की हरण्या पुन्हा फेऱ्या मारतोय, फक्त आता वाट वीस फुटांची आहे.

तर मंडळी, औसा-लातूर पट्ट्यात कुणाचं कुंपण घातलेलं पडीक रान असेल, ऑक्टोबरपर्यंत सकाळी अर्धा तास वापरायला देता येईल असं, तर मला कळवा. भाडं देऊ. या शनिवारी मी घरी जातोय.