कानानें ओळखावयाचा नेत्ररोग

भंडाऱ्याच्या बाजारांत पितळेचें भांडें घेणारा मनुष्य तें आधीं वाजवून पाहतो. डोळाहि कधीं कधीं ऐकून पाहावा लागतो, असें म्हटलें तर श्रोत्यांना थट्टा वाटेल. परंतु आज ज्या रोगाचा इतिहास सांगावयाचा आहे, त्याचा पहिला पुरावा पुष्कळदां कानालाच मिळतो.

डोळ्याच्या खोबणीमागें, कवटीच्या तळाशीं, अशुद्ध रक्ताची एक पोकळी असते. आणि मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी नेमकी तिच्यांतूनच जाते. डोक्याला जबर मार लागून ती आंतल्या आंत फाटली, कीं तिचें जोरकस रक्त पोकळींत शिरून डोळ्याच्या नीलांमध्यें उलटें लोटतें. डोळा पुढें येतो, लाल होतो, नाडीबरोबर उडतो. रात्रीं निजानीज झाली कीं रोग्याला स्वतःच्याच डोक्यांत घरघर ऐकूं येते.

लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्सनें १८०९ सालीं अशा एका स्त्रीच्या मानेंतील रोहिणी बांधली. गर्भारपणीं एके दिवशीं तिच्या डोक्यांत कांहींतरी तुटल्यासारखा आवाज झाला होता. क्लोरोफॉर्म यावयास अद्याप ३८ वर्षें अवकाश होता. त्या बाईच्या धैर्याला नमस्कारच केला पाहिजे! ती बरी झाली. पण रोगाचें मूळ खोबणींतच आहे, ही ट्रॅव्हर्सची समजूत चुकीची होती. खरें स्थान पुढें शवपरीक्षांतून कळलें. पॅरिसच्या नेलातों या शस्त्रवैद्याकडील एका तरुणाच्या एका डोळ्याखालीं छत्रीचें टोक घुसलें, आणि पुढें आला मात्र दुसरा डोळा! मृत्यूनंतर पाहतां दुसऱ्या बाजूची रोहिणी फाटलेली निघाली.

मानेंत बांधलेल्या रोहिणीला पलीकडून रक्त मिळे, म्हणून रोग उलटे. कित्येकांस पक्षघातहि होई. १९२७ सालीं लिस्बनच्या मोनिझनें मेंदूंतील रक्तवाहिन्यांचें क्ष-किरण चित्र काढलें, तेव्हां भोंक जिवंतपणीं दिसण्याची सोय झाली. तें बुजविण्याची युक्ति मास्कोच्या सेर्बिनेंकोची. मे दिनीं मुलांच्या हातांतील फुगे पाहून ती त्याला सुचली, असें सांगतात. रोहिणींतून इवलासा फुगा नेऊन तेथेंच सोडून देण्याची ही रीत त्यानें १९७४ सालीं जगापुढें मांडली. आतां बहुधा जांघेंतून नळी नेऊन प्लॅटिनमच्या बारीक तारांचीं वेटोळीं भोंकाशीं बसवितात.

या रोगाचा दुसरा, मंद प्रकार उतारवयांतील स्त्रियांत अधिक. त्यांत मार लागलेला नसतो, डोळा नुसता लाल. ‘डोळे आले’ म्हणून महिनोन्महिने थेंब घालण्यांत येतात आणि इकडे दृष्टि जात असते. लाखांदूर-पवनीकडील रोग्याचें खरें नुकसान होतें तें या महिन्यांत. वास्तविक चिपडें नाहींत, लाली हटत नाहीं, एक वस्तु दोन दिसते, एवढ्यावरून शंका यावी. मग पापणी मिटवून तिच्यावर छातीचीच नळी ठेवावयाची आणि रोग्याला क्षणभर श्वास रोखावयास सांगावयाचें. मंद प्रकारांत आवाज पुष्कळदां नसतो, म्हणून कांहीं ऐकूं आलें नाहीं तरी रोग नाहींच असें धरूं नये. चित्र काढण्यासाठीं नागपूरची गाडी धरावी.